अंधारातलं बोलणं

दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडणारा धोंडिराम दिवेलागणीला उठायचा, तो फक्त दिवा घालवायला! केराबाईनं बुद्धमूर्तीपुढं लावलेली मेणबत्तीसुद्धा फुंकून टाकायचा. तिला असा संताप यायचा की बस.

नवराबायकोची उभी हयात यंत्रमागाच्या कारखान्यात गेली. तो माग चालवायचा, ती कांड्यांवर सूत भरायची. त्या धडधडाटानं तिचे कान पार गेले. पण कारखान्यात सगळेच एकमेकांचे ओठ बघून बोलणं ओळखतात, त्यामुळे उजेडात तिचं कधी अडलं नाही. अंधारात मात्र ती ठार बहिरी.

मग मालकानं माग भंगारात काढले. धोंडिरामला स्वतःचाच माग घणानं फोडायला लावला. तेव्हापासून त्याचं बोलणं बंद आणि घरात हे असं. रोज संध्याकाळी केराबाई काळोखात त्याच्या शेजारी बसायची आणि त्याच्या मुकेपणाला मनातल्या मनात शिव्या घालायची.

एकदा सकाळी नळावर शेजारच्या ईरम्मानं तिला हटकलं. तोंड नीट हलवत म्हणाली, "अंधार पडला की मामा रोज काय बोलत असतात ओ? भिंतीतनं नीट कळंना, पण लई रडल्यावानी वाटतंय. तुमी कायच कसं बोलत न्हाई?"

केराबाईच्या हातातली घागर निसटली. म्हणजे तो मुका नव्हताच. बायको जवळ हवी होती, पण तिला काही कळू द्यायचं नव्हतं, म्हणून दिवा घालवत होता.

त्या संध्याकाळी तो दिवा घालवून बसला, तेव्हा ती भांडली नाही. चाचपडत सरकली आणि त्याच्या ओठांवर बोटं ठेवली. ओठ हलत होते. ते एकदम थांबले.

"बोला की. माझ्यापासनं काय लपवताय?"

मग ओठ हलले. लग्न करशील का, हेसुद्धा याच ओठांनी मागांच्या गोंगाटात तिला विचारलं होतं. तेव्हा पहिल्या खेपेला कळलं होतं, आत्ताही कळलं.

मला न्हाई जगायचं, केरा.

दिवा लावावा, ईरम्माला हाक मारावी, असं तिला वाटलं. पण हात काढला तर हा पुन्हा एकटाच बोलत बसेल, या भीतीनं ती जागची हलली नाही.

"परत म्हना," ती ओरडली. "सगळं म्हना. मी हितंच हाय."

त्याच्या आसवांनी तिची बोटं भिजली, तरी तिनं ती काढली नाहीत.