मालकाची रेशमा

नजीरने रेशमाचा पुढचा पाय मांडीवर घेतला आणि बोटांच्या बेचक्यात घुसलेलं कुसळ चिमट्यानं हळूच ओढून काढलं. कुत्रीनं अंग चोरलं, पण पाय मागे घेतला नाही.

रिठ्याच्या पाण्यानं धुतलेले तिचे लांब केस ओसरीवरच्या उन्हात वाळत होते. ते पुरते वाळायच्या आत बट न् बट मोकळी करायला हवी, नाहीतर गुंता गाठ धरतो. नजीरची कंबर सकाळपासून ठणकत होती. आज अंग धुतलं तरी उद्या ही कपाशीच्या बांधावरून फिरून येणार आणि पोटाखाली पुन्हा गोखरूचे काटे घेऊन येणार. तीन वर्षं हेच चाललं होतं.

तो पिंजारी. राळेगावात गाद्या भरून पोट भरायचा. गावातल्या कापसाच्या जिनिंगचे मालक वामनरावांनी नागपूरच्या एका निवृत्त फौजी अधिकाऱ्याकडून हे काबुली जातीचं पिलू आणलं, तेव्हा त्यांना वाटलं, कापूस मोकळा करणारे हातच या केसांना हवेत. पिलू फणी दिसली की खाटेखाली शिरायचं. नजीरनं आठ दिवस फणी नुसती त्याच्यापुढे ठेवली. मग फणीच्या पाठीनं त्याची मान खाजवली. "ठैर" म्हटलं की हलायचं नाही, आणि "जा" म्हटल्यावरच सुटायचं, एवढं शिकवायला अख्खा पावसाळा गेला.

"तुमच्या हातानं भाकरीतबी केस येऊन राह्यले," त्याची बायको सुग्राबी घरी म्हणायची. तो केस काढून टाकायचा आणि बसल्या बसल्याच पेंगायचा. तोंड उघडायचंही त्राण नसायचं.

अंगणात जीप थांबली. वामनराव बाहेर आले.

"नजीर, व्याह्यांची गाडी आली. रेशमाले नेऊन राह्यले."

नजीरच्या हातातली फणी थांबली.

"कायमची?"

"लग्नात दोनदा म्हणाले, काय देखणी कुत्री हाये. आता तिसऱ्यांदा म्हणाची वाट पाहू काय? पोरगी दिली हाये त्यांच्या घरात."

ड्रायव्हर दोर घेऊन आला तशी रेशमा नजीरच्या पाठीमागे गेली. तिला ओढू लागताच तिनं दात दाखवले. नखं फरशीवर करकरली, नुकते विंचरलेले केस धुळीत लोळले. दारात उभ्या असलेल्या मालकीणबाई विमलताईंनी मान फिरवली.

"तू सांग तिले," वामनराव म्हणाले. "तुहं ऐकते."

नजीर उठला. गुडघे धरून, सावकाश.

"ठैर."

रेशमा थांबली. ड्रायव्हरनं गळ्यात दोर घातला, तिला उचलून जीपमध्ये ठेवलं. ती तशीच उभी राहिली, नजीरच्या तोंडाकडे पाहत. पुढचा शब्द तो म्हणेल म्हणून थांबली होती. तो शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. जीप वळणाआड जाईपर्यंत ती हलली नाही.

घरी जाऊन तो आडवा झाला, तो दुसऱ्या दिवशी दुपारी उठला. शेजारपाजारचे म्हणाले, दुःखानं अंथरूण धरलं. सुग्राबीनं दाराचा पडदा सोडून ठेवला आणि कुणाला आत येऊ दिलं नाही. किती दिवसांची झोप होती, ते तिला ठाऊक होतं.

महिन्याभरानं वामनरावांनी त्याला बोलावलं. ओसरीवर टोपली होती. टोपलीत त्याच जातीचं पिलू.

"मुद्दाम आणलं तुह्यासाठी. मन लागत नसंन तुहं."

नजीर वाकला. पिलानं त्याचं बोट तोंडात धरलं आणि चोखू लागलं. थोडा वेळ त्यानं चोखू दिलं. मग बोट सोडवून घेतलं, लुंगीला पुसलं.

"मालक, मले जिनिंगात घ्या. रुई वाहीन, गठाणी उचलीन, सांगाल ते करीन."

"ह्या वयात गठाणी? काहून? सावलीत बसून फणी तर चालवाची हाये. यात कायचा तरास?"

"तरास नाही, मालक." नजीर पिलाकडे न बघता म्हणाला. "पण कापसाले माणसाची वळख नसते."

वामनराव मोठ्यानं हसले. हसता हसता त्यांनी दारातल्या बायकोकडे पाहिलं. विमलताई हसत नव्हत्या. त्यांनी पुढे होऊन टोपली उचलली.

"सोमवारपासून जिनिंगात या, नजीरभाई," नवऱ्याला न विचारताच त्या म्हणाल्या, आणि पिलाला घेऊन आत गेल्या.