पंगतीएवढी बोट

छोट्या बोटीत बायकापोरं मावेनात, म्हणून रघुवीरनं मोठी घ्यायचं ठरवलं. संस्थानं विलीन झाल्यावर एका सरदारांनी आपली जुनी मोटरबोट विकायला काढली होती. इंदूरच्या सिरपूर तलावावर सगळं घर ती बघायला गेलं. रघुवीर इंजिनाची चौकशी करेपर्यंत त्याच्या बायकोनं, रमानं, सगळ्यांना डेकवर पंगतीला बसवून वाढपाची एक फेरी मारलीसुद्धा. कुणाच्या पानावर पाय पडला नाही. बोट पास! मग तिनं फळी उचलून खाली डोकावलं आणि सरदारांच्या माणसाला म्हणाली, "भिया, एवढं धूड काढून घ्या. इथं लोणच्याच्या बरण्या मस्त राहतील."

"अगं, ते इंजिन आहे! बोट जाणार कशी?" रघुवीर कळवळला.

"जाणार कुठं?" रमा म्हणाली. "उधर पण आपलं इंदूरच आहे ना!"