सोड्याच्या टाकीवरचे हात

आईचे हात काचेच्या भांड्यात गेले आणि पाणी लालभडक झालं. लाँड्रीतली माणसं एकदम मागे सरली. मालकाने यंत्रं आधीच बंद करायला लावली होती, त्यामुळे नळाचा थेंब पडला तोही ऐकू आला.

"बघा!" भूत शोधायला मालकाने बोलावलेले महाराज गरजले. "अकरा जणांनी हात घातले, पाणी आरशासारखं. हिने घातले, आणि आतला रक्त ओकला! डॉक्टरांच्या गोळ्यांनी तो झोपतो, जात नाही. पाहुणा झोपला म्हणून घर सोडतो का?"

लेक दारापाशी उभी होती. महिन्याभरापूर्वी मनोरुग्णालयातून घरी आलेल्या आईला हे काम तिनेच मिळवून दिलं होतं, चौदा ठिकाणी नकार ऐकल्यावर. मालकापासून तिने काहीच लपवलं नव्हतं. मग एका आठवड्यात यंत्राचा पट्टा दोनदा तुटला, एक चादर इस्त्रीखाली जळाली आणि बोटं आईकडे वळली. पट्टा जुनाच होता. पण दोष द्यायला जुन्या पट्ट्यापेक्षा नवी बाई सोपी.

"मग आता उपाय?" मालकाने विचारलं.

"गोळ्या आजपासून बंद. चाळीस दिवस ही आमच्याकडे राहील. वेगळी खोली आहे. कडी बाहेरून असते, पण काळजी नको. आत देव असतो."

महाराजांचे दोन सेवक आईच्या दोन्ही अंगांना येऊन उभे राहिले.

आईने हात बाहेर काढले नव्हते. पाण्याकडे बघत ती हळूच म्हणाली, "हे पाणी माझ्या ओळखीचं आहे."

लेक दारापासून दोन पावलं पुढे आली. मागच्या खेपेला असंच सुरू झालं होतं. आधी भिंत ओळखीची झाली, मग भिंत बोलायला लागली.

"आई, गप्प बस ना गं."

"ऐकलंत? आतल्याने ओळख दिली!" महाराज म्हणाले.

आई लेकीकडे वळली. "तुलाही तसंच वाटलं ना? वाटू दे. एवढंच सांग, सगळ्यांना आधी नळावर हात धुवायला लावले. मला काय सांगितलं?"

सकाळपासून आई धुण्याच्या सोड्याच्या टाकीत चादरी भिजवत होती. सेवक तिला थेट तिथूनच घेऊन आला होता.

"धुवू नकोस म्हणाले," लेक बोलली. स्वतःच्या आवाजाने ती स्वतःच दचकली.

"रुग्णालयाच्या लाँड्रीत मी पाच महिने काम शिकले. तिथे धुतलेल्या चादरीवर एका औषधाचा थेंब टाकायचो. नाव लांबलचक, फिनॉल्फ्थॅलीन. आम्ही लालथेंब म्हणायचो. चादरीत सोडा उरला असेल तर थेंब लाल होतो, मग ती पुन्हा खळबळायची. या पाण्यात तेच आहे. काकू, जरा टाकीत बोटं बुडवून या."

"मला नको बाई," इस्त्रीवाल्या काकू म्हणाल्या. "माझ्या मागे संसार आहे."

लेकच गेली. टाकीत हात बुडवून आली आणि काचेचं भांडं ज्यातून भरलं होतं त्या सेवकांच्या कॅनमधलं स्वच्छ पाणी तिने ओंजळीत ओतून घेतलं. ओंजळ लाल झाली.

"बघा, आईचं लेकीत उतरलं!" महाराज जराही अडखळले नाहीत. "वंशच बाधित!"

सेवकाने लेकीचं मनगट धरलं.

"मालक," आई शांतपणे म्हणाली, "आता तुम्ही."

मालकाने सगळ्यांकडे पाहिलं. मग जाऊन त्याने अंगठा सोड्यात बुडवला आणि कॅनखाली धरला. अंगठ्यावरून लाल ओघळ जमिनीवर पडला. आपल्याला बोलावणाऱ्याच्याच अंगात भूत आहे, हे म्हणायला महाराजांची जीभ उचलेना.

आईने सोड्याचा जोर मारायला शेवटच्या धुण्यासाठी ठेवलेलं व्हिनेगर उचललं आणि भांड्यात ओतलं. लाल रंग विरत गेला. पाणी पुन्हा आरशासारखं.

"गेला हो तुमचा पाहुणा. मंत्र लागला नाही."

काकू तोंडावर पदर धरून हसल्या. सेवकाने लेकीचं मनगट सोडलं. महाराज कॅन उचलून दाराकडे निघाले, तेवढ्यात आई दारात आडवी उभी राहिली.

"त्या खोलीत आत्ता कोण आहे?"

महाराज बाजूने निसटायला बघू लागले.

"किती जणी आहेत?"

हसू तिथेच थांबलं. मालकाने दार लावून घेतलं आणि पोलिसांना फोन लावला.

आजार औषधाने आटोक्यात राहतो, आणि काम असलं की माणूस माणसांत राहतं. बाहेरून लावलेल्या कडीने यातलं काहीच होत नाही. ज्यांनी आपलं माणूस कुणाच्या सांगण्यावरून अशा दाराआड ठेवलं असेल, त्यांनी आजच जाऊन ते दार उघडावं आणि त्याला डॉक्टरकडे न्यावं. चाळीस दिवस पुरे व्हायची वाट पाहू नये.