तिसरं कडवं

आमच्या ऑफिसात चित्र कापायची कुणाची टाप नाही. गाणं मात्र कुणीही कापावं. कुणीही म्हणजे आमचे साहेब. त्यांना गुळगुळीत कागद फार आवडतो आणि बोलतातही ते तसंच, म्हणून माझ्यापुरतं त्यांचं नाव गुळगुळीत.

आम्ही भेट द्यायची पुस्तकं काढतो. डाव्या पानावर जुनं गाणं, उजव्या पानावर आधुनिक चित्र, वरून सॅटिनची रिबन. लोक ती लग्नाच्या वाढदिवसाला देतात, घेणारे दिवाणखान्यात ठेवतात, आणि मग ती फक्त पुसली जातात. पानं मी लावते. करारांचे मसुदेही मीच टाइप करते, कारण छोट्या ऑफिसात ज्याला टाइप येतं त्याच्या गळ्यात सगळं पडतं.

या वेळचं पुस्तक वाट पाहण्याच्या गाण्यांचं होतं. त्यात एक गाणं माझ्या आईचं.

दार उघडे ठेवले मी, ये कधीही तू घरी
वाट बघण्याचीच आता सवय झाली ही बरी

चाल माझ्या वडिलांची. रेडिओवर हे इतकं वाजलंय की पन्नाशीच्या पुढचा कुठलाही माणूस ते झोपेतही म्हणेल.

गुळगुळीत यांनी त्याच्यासाठी चित्र निवडलं. भलंमोठं पिवळं, आणि उजव्या कडेला बोटभर काळी उभी पट्टी. "बघा मॅडम, उघडं दार!" मला ते लागत आलेलं दार दिसत होतं, पण मला कोण विचारतो? चित्र आडवं होतं. ते शेजारच्या पानावर पसरलं आणि गाण्याला उरली चार बोटांची जागा. दोन कडवी जेमतेम मावली.

"साहेब, याला तिसरं कडवं आहे," मी म्हटलं.

"हो? रेडिओवर तर कधी ऐकलं नाही."

"वहीत आहे. आईच्या."

"असेल हो. पण पानात बसत नाहीये ना?"

"चित्र कडेनं जरासं कापू."

मी त्यांचं बोट मागितल्यासारखे ते दचकले. "काहीतरीच काय! चित्रकाराचा करार आहे!"

होताच. 'चित्राचा कोणताही भाग कापता, झाकता अथवा बदलता येणार नाही.' आणि गीतकाराच्या करारात काय? 'प्रकाशकास सोयीनुसार मजकूर कमी करता येईल.' दोन्ही वाक्यं गेली अकरा वर्षं मीच टाइप करत होते, मुकाट, मान खाली घालून. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्यातली निम्मी माझ्या स्वतःवरच होती.

ते तिसरं कडवं मला चौदाव्या वर्षी सापडलं होतं. वहीत त्याच्यावर लाल पेन्सिलीची आडवी रेघ, आणि शेजारी बाबांच्या अक्षरात शेरा: चालीत बसत नाही.

जेवले मी, झोपले मी, दार आतुन लावले
ऐकली ती थाप दारी, मी न डोळे उघडले

मी तेव्हाच ते गुणगुणून पाहिलं. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी एवढं कळलं की ते चपखल बसतं. न बसायला झालंय काय? वजन तेच, ओळी तेवढ्याच. बसत नव्हतं ते बाबांच्या मनात. बाबा मैफली आटोपून मनाला येईल तेव्हा यायचे, कधी दोन दिवसांनी, आणि आई ताटं झाकून बसायची. आईला विचारलं, तर म्हणाली, "जाऊ दे गं." मी जाऊ दिलं. पण लोक घरी येऊन तिला सांगायचे, "वहिनी, वाट बघावी तर तुमच्यासारखी," आणि बाबा शेजारी बसून ते कौतुक आपलंच असल्यासारखं मान डोलवत घ्यायचे. तेव्हा मला काहीतरी फेकून मारावंसं वाटायचं.

तेव्हा चालीत बसलं नाही, आता पानात बसत नाही. त्या दोन ओळींना कुठे बसू देणार आहात की नाही?

आईच्या करारासाठी मी चित्रकाराचा मसुदा उघडला. 'चित्र' काढून 'गीत' टाकलं. खाली एक ओळ वाढवली: गीत म्हणजे तिन्ही कडवी. गुरुवारी गुळगुळीत सह्यांचा गठ्ठा उरकतात. चिकटवलेली पिवळी चिठ्ठी दिसली की सही. वाचायचं वगैरे काही नाही. झाली सही. मग मी चित्र दोन बोटं लहान केलं. कापायचं-बदलायचं नाही असा करार आहे, आख्खं चित्र लहान छापायचं नाही असा नाही. गाणं आख्खं मावलं. आता हवी होती फक्त आईची सही, आणि तीच खरी अडचण होती.

रविवारी करार आणि छापून काढलेलं पान घेऊन घरी गेले. आई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. बाबांनी सवयीनं पेनाचं टोपण काढलं. "आण इकडे."

"आईची सही हवी आहे."

"मीच करतो नेहमी. तिची सही मला तिच्यापेक्षा चांगली येते."

"लाज नाही वाटत सांगायला?" माझा आवाज चढला. "चाळीस वर्षं तिच्या नावानं तुम्ही सह्या करताय! तिचं कडवं खोडलंत, वर खोटं लिहिलंत..."

"ओरडू नकोस," आई म्हणाली. "कागद दे."

तिनं चष्मा लावला. करार वाचला, बोट ठेवून, दोनदा. 'कापता, झाकता अथवा बदलता येणार नाही' तिथे बोट बराच वेळ थांबलं. तोवर बाबांनी पान उचललं होतं.

"हे कुठून आलं? तेव्हाच सांगितलं होतं, हे चालीत बसत नाही."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईनं मला हातानं थांबवलं. घडी घातलेला टॉवेल मांडीवर ठेवला आणि गायला लागली. तिचा आवाज आता फाटका झालाय, श्वास पुरत नाही. पण तिनं बाबांच्याच चालीत ते कडवं म्हटलं, सावकाश, एकही शब्द न ओढता.

आणि बाबांची बोटं टेबलावर ठेका धरायला लागली. त्यांना कळलंही नाही. जन्माची सवय. 'थाप दारी'वर बोट अचूक पडलं, शेवटच्या शब्दापर्यंत ठेका कुठेही चुकला नाही. मग त्यांचं स्वतःच्या हाताकडे लक्ष गेलं आणि त्यांनी तो टेबलावरून काढून मांडीत घेतला.

"बसलं की," आई म्हणाली.

तिनं त्यांच्या पुढ्यातलं पेन घेतलं आणि सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं. घरातल्या एकाही कागदावरच्या तिच्या सहीशी ते जुळत नव्हतं.