पांढरा कप

कारखान्याच्या कँटीनमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. सुट्टीचा दिवस, तरी शिलाई खात्यातल्या झाडून सगळ्या बायका आल्या होत्या, त्यांचे नवरे आले होते, गेटवरचा वॉचमनसुद्धा टोपी काखेत धरून उभा होता. एकेक जण पुढे जायचा आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलेल्या एका मुलीच्या तोंडाजवळ नाक नेऊन वास घ्यायचा.

"अगं बाई, खरंच की! पिकल्या फळासारखा!"

ती मुलगी माझी भाची होती. चिंगी. पाचवीत शिकणारी.

मी कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवतो. बहीण या कारखान्यात काजं करते. आठवडाभर तिने फोन उचलला नाही म्हणून मी शोधत आलो होतो. चिंगीच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, ते रोज टोचावं लागतं. सुई दिसली की ती दंड आईच्या पदराआड लपवायची, आणि टोचून झालं की बहीण मोरीत जाऊन रडायची. अशा आईला "सुई सुटली" म्हणणारा कुणी भेटला, तर ती त्याच्यामागे कुठेही जाईल.

तसा एक भेटला होता. लोक त्याला गुरुजी म्हणत. मी कपबाबा म्हणतो, कारण मेणकापडावर मांडलेले चिनी मातीचे पांढरे कप एवढंच त्याचं भांडवल होतं. रोग्याने मंतरलेला कप घेऊन संडासात जायचं, लघवी आणायची, बाबा तीत पट्टी बुडवणार.

"माझ्यावर विश्वास ठेवूच नका!" बाबा गरजत होता. "सोनारानेच कान टोचावेत. ही पट्टी डॉक्टरांची, तुम्हीच दुकानातून आणलेली. साखर असली की काळवंडते. या लेकराची बघा. कोरी! साखर गेली, सुया फेका! अंग कसं हलकं झालंय! श्वासाची साधना आपोआप चाललीय! आणि मुखाला हा दैवी सुगंध!"

चिंगी जिने चढून आल्यासारखी खोल, भराभर श्वास घेत होती. गालफडं बसली होती. "मामा, पाणी," ती म्हणाली. मी वाकलो आणि तो वास माझ्याही नाकात गेला. नखांचं पॉलिश पुसायच्या औषधाला येतो तोच. मी बहिणीकडे वळलो.

"चल, दवाखान्यात. आत्ताच्या आत्ता."

"दादा, पट्टी कोरी आहे," बहीण म्हणाली. "मी डोळ्यांनी पाहिली. पट्टीवर विश्वास ठेवायला तूच शिकवलंस ना?"

मी चिंगीला उचललं. वॉचमनने दारात हात आडवा घातला. "साहेब, पोरीच्या आईचं ऐका. माझी पण सुई सुटलीय."

मग तिथेच, पोरीचा श्वास कानावर येत असताना, मला तास घ्यावा लागला. या गोष्टीचा मला आजही संताप येतो.

चिंगीची साखर कधी एकदम उतरली तर हाताशी असावी म्हणून माझ्या खिशात ग्लुकोजची पुडी असते. चिंगीला परत खुर्चीत टेकवून मी कँटीनच्या नळावरचा स्टीलचा पेला घेतला, पाण्यात ग्लुकोज ढवळलं, दुकानातून आणलेल्या त्याच डबीतली पट्टी बुडवली. ती गडद तपकिरी झाली. तेच पाणी मी एका पांढऱ्या कपात ओतून ढवळलं आणि नवी पट्टी बहिणीच्या हातात दिली. "तू बुडव."

पट्टी कोरी राहिली.

"बघा!" बाबा ओरडला. "कपाने साखर खाल्ली! याला म्हणतात प्रभाव!"

"खाल्ली का?" मी कप बहिणीच्या ओठांना लावला. "चाखून सांग."

तिने घोट घेतला. "गोड आहे," ती म्हणाली. मग थांबली. "आणि आंबट."

मी दुसऱ्या, कोरड्या कपात बोट फिरवलं आणि सगळ्यांना दाखवलं. पांढऱ्यावर पांढरी भुकटी. व्हिटॅमिन सी, कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणारं.

"पट्टीवर दोन एन्झाइम असतात," मी म्हणालो. "पहिलं साखरेपासून पेरॉक्साइड बनवतं, दुसरं त्या पेरॉक्साइडने रंग आणतं. ही भुकटी रंग येण्याआधीच पेरॉक्साइड गट्ट करते. साखर जिथल्या तिथे, फक्त पट्टी मुकी. तुम्ही पट्टी आणलीत, पण कप त्याचा घेतलात. आणि अंग हलकं? अरे, इन्सुलिन नाही म्हणून साखर पेशींत शिरत नाही. शरीर उपाशी पडून स्वतःलाच खातंय. स्नायूंतली प्रथिनं मोडून अमिनो आम्लं होतात, त्यांच्यापासून यकृत आणखी साखर बनवतं. चरबी जळते, तिची आम्लं रक्तात साचतात. ती आम्लं कमी करायला ती अशी धापा टाकतेय. तुम्ही रांग लावून हुंगताय तो त्याच आम्लांतून सुटणारा ॲसिटोन आहे. पोर मरतेय माझी!"

वॉचमनचा हात खाली आला. बाबाने स्वयंपाकघराच्या दाराने पोबारा केला. त्याला धरायला कुणी धावलं नाही. बहिणीने चिंगीला खुर्चीतून उचललं आणि ती अनवाणी रस्त्यावर पळाली.

दवाखान्यात सलाईन लागली, इन्सुलिन लागलं. डॉक्टरीणबाई पलंगापासून हलल्या नाहीत. उजाडता उजाडता चिंगी गेली.

बाबा आता दुसऱ्या वस्तीत गुरुजी आहे. "मामाने श्रद्धा मोडली म्हणून पोर गेली," असं सांगतो. उचलली जीभ लावली टाळ्याला. ते खरं मानणारेही आहेत.

मी लोकांना एवढंच सांगतो. विज्ञानाची पट्टी दाखवली म्हणून कुणी वैज्ञानिक होत नाही. परीक्षा सगळीच्या सगळी आपल्या हातात घ्या. ज्याला ते चालत नाही, त्याचा चमत्कार तिथेच संपला. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुई थांबवू नका.

माझ्या बहिणीला एवढं लांबलचक बोलता येत नाही. सुट्टीच्या दिवशी ती बाबाची सभा असेल तिथे जाते आणि दाराशी उभी राहते. लेकराला कडेवर घेऊन आत जाणाऱ्या बाईच्या हातात ती एक स्टीलचा पेला देते.

"आत जा, बाई, मी अडवत नाही," ती म्हणते. "पण भांडं हे घे. मी त्याचं घेतलं होतं."