एन्नोरचा हिरवा ठिपका

मद्रासच्या एका कॉलेजात, भूगोल विभागाच्या नकाशांच्या खोलीत मी सव्वीस वर्षं शिपाई होतो. त्यातली पहिली नऊ वर्षं मला वाचता येत नव्हतं, आणि ते कोणाला ठाऊक नव्हतं.

ऐकणाऱ्याला हे खरं वाटत नाही. पण गुंडाळलेला नकाशा ओळखायला अक्षर लागत नाही. तंजावरचा नकाशा कापडावर डकवलेला, कोपऱ्यावर शाईचा डाग. नीलगिरीचा तपकिरी, हाताला जड. किनाऱ्याचे सगळे लांब आणि अरुंद. प्रोफेसर राघोत्तमरावांनी एक मागितला आणि मी दुसरा आणला असं कधी झालं नाही. "अप्पाजीला माझे नकाशे पाठ आहेत," असं ते पाहुण्यांना सांगत. आकडे मला येत होते, सही मी चित्र काढावं तशी काढायचो. नोकरीला लागताना काकांनी आठवी पास म्हणून सांगितलं होतं. खरं काय ते फक्त माझ्या बायकोला, कृष्णवेणीला माहीत होतं.

राघोत्तमराव आमच्यासारखेच तंजावरकडचे मराठी. भूगोलाच्या माणसाने नद्या-डोंगर पाहावेत, असं त्यांचे सोबती म्हणत. हे मात्र शाळा कुठे आहे, काम शिकवणारं केंद्र कुठे आहे, दवाखाना कुठे आहे, आणि तिथवर कोण पोचतं, एवढंच पाहत. "पाऊस कुठे किती पडतो ते मोजतात ना? मग शिक्षण कुठे किती पडतं तेही मोजलं पाहिजे," असं ते वर्गात म्हणायचे. पोरं हसायची. त्यांनी आयुष्य त्यातच घातलं.

मोजणी कार्डांवर व्हायची. एका घराला एक कार्ड, वर घराचा आकडा. मूल शाळेत जातं का? डावीकडच्या चौकटीत खूण म्हणजे हो, उजवीकडे म्हणजे नाही. विद्यार्थ्यांबरोबर अंतर मोजायची साखळी आणि छत्री घेऊन फिरताना मी ते पाहून ठेवलं होतं.

एकोणसाठ साली विद्यार्थी परीक्षेत अडकले आणि एन्नोरच्या खाडीपलीकडचा कोळीवाडा राहिला. सर म्हणाले, "अप्पाजी, तू जा. तुला त्यांची बोली येते. बासष्ट घरं आहेत, एका दिवसाचं काम."

मी गेलो. जवळजवळ प्रत्येक घरी उत्तर एकच. शाळा खाडीच्या अलीकडे आणि पोरं पलीकडे. नाववाला पहाटेच मासळी पोचवायला जायचा तो ऊन चढल्यावर, शाळा भरून गेल्यावर परतायचा. कनका नावाची एक बाई जाळं दुरुस्त करत बसली होती. तिच्या तिन्ही मुली घरीच. मी तिला चांगलंच सुनावलं. "अक्षर नको का पोरींना? आंधळ्या ठेवणार आहेस का त्यांना?" मी उजव्या चौकटीत खूण केली आणि पुढे गेलो.

पंधरा दिवसांनी मोठा नकाशा तयार झाला. शाळेत जाणाऱ्या वस्तीला हिरवा ठिपका, न जाणाऱ्या वस्तीला तांबडा. गुरुवारी सरकारी समिती येणार होती आणि त्या नकाशावरून नव्या शाळा कुठे द्यायच्या ते ठरणार होतं. सोमवारी तो भिंतीवर लावताना माझा हात थांबला. रंग मला वाचता येत होते. एन्नोरच्या खाडीपलीकडे हिरवा ठिपका होता.

सरांच्या हाताखाली पुण्याहून आलेले विजयकुमार काम करत. मी त्यांना म्हटलं, "हा ठिपका चुकलाय."

"अहो, कार्डं तुम्हीच भरलीत की!" त्यांनी गठ्ठा काढला. "बासष्टपैकी सत्तावन्न घरी 'हो'. हे बघा."

मी पाहिलं. खुणा माझ्याच, उजवीकडच्या.

"हो डावीकडे असतं ना?" मी हळूच विचारलं.

"जुन्या कार्डांवर. नवी छापताना मी 'नाही' आधी घेतलं, आपल्याला मोजायचं तेच असतं म्हणून. वर स्पष्ट छापलंय. वाचलं नाहीत का?"

मी "बघतो" म्हणून बाहेर आलो.

दोन दिवस मी गप्प राहिलो. खरं सांगितलं तर नोकरी जाणार. नाही सांगितलं तर त्या वाड्याला शाळा मिळणार नाही, आणि नकाशा एकदा छापला की पुन्हा त्या खाडीकडे कोण पाहणार? मंगळवारी जेवताना कृष्णवेणी म्हणाली, "काय झालंय तुम्हांस? सांबारांत मीठ नाही, तरी बोलला नाहीत."

मी सांगितलं. तिने ताक ढवळून माझ्यापुढे ठेवलं. मग म्हणाली, "त्या पोरींसही नवरे मिळतील. तेही असेच लपवणारे मिळाले तर घरात वाचायचं कोणी?"

बुधवारी सकाळी मी सरांपुढे उभा राहिलो.

"काय रे अप्पाजी, कां उभा आहेस?"

"सार, एन्नोरची कार्डं उलटी आहेत. मला वाचता येत नाही."

ते हसले. मला वाटतं त्यांना आधी थट्टाच वाटली. मग त्यांनी टेबलावरचा एक कागद माझ्यापुढे धरला. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"किती वर्षं?"

"इथे आल्यापासून. नऊ."

ते उठून खिडकीशी गेले. "मी तिरुनेलवेलीपर्यंत जाऊन मोजलं," ते म्हणाले. "कुणाला वाचता येत नाही ते मोजलं. आणि माझ्या खोलीत, माझ्या हातात रोज नकाशा देणारा…" रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

विजयकुमार म्हणाले, "सर, सगळे आकडे उलटे धरू. पाच मिनिटांचं काम आहे."

"नाही. ज्याने वाचलं नाही त्याच्या आठवणीवर मी ठिपका बदलणार नाही. पुन्हा विचारायचं. अप्पाजी, छत्री घे. मी येतो."

त्यांनी कोऱ्या कार्डांवर 'नाही'च्या वर तांबड्या आणि 'हो'च्या वर हिरव्या पेन्सिलीची रेघ ओढून दिली. खाडीवर पोचलो तर नाव नव्हती. सरांनी घड्याळ पाहिलं. वाळूवर बसून त्यांनी एक तास चाळीस मिनिटं वाट पाहिली. पलीकडचे माड इतके जवळ की त्यांवरचे नारळ मोजावेत.

"नकाशावर हे अंतर बोटभरसुद्धा नाही," ते म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं.

कनकाने मला लांबूनच ओळखलं. "या अय्या! पुन्हा रागवायला आलात? या खेपेला मोठे सायबही आणलेत."

"मागल्या वेळी माझ्याकडून चूक झाली," मी म्हटलं. "कार्ड मला वाचता आलं नाही."

तिने जाळं खाली ठेवलं. "म्हणजे? तुम्हाला वाचता येत नाही?" मग ती अशी हसली की शेजारच्या बाया दारात आल्या. "अगं ऐका! हा मला आंधळी म्हणून गेला, आणि ह्याचीच काठी हरवलेली!"

सगळ्या हसल्या. सरही हसले. मीही शेवटी हसलो, दुसरं काय करणार? कनकाच्या धाकटीने माझ्या हातातलं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि तांबड्या रेघेवर बोट ठेवलं. "आमचं हे?"

"हो, हे," मी म्हटलं आणि तिच्या बोटाशेजारी खूण केली.

संध्याकाळी सरांनी ब्लेडने हिरवा रंग खरवडून त्यावर तांबडा भरला. कागद खरवडल्यामुळे रंग फुटून पसरला आणि तो ठिपका बाकीच्या ठिपक्यांपेक्षा मोठा झाला. गुरुवारी समितीतल्या एका गृहस्थांनी नेमकं त्यावरच बोट ठेवून विचारलं, "हा असा का?"

"माझी चूक झाली होती," सर म्हणाले. "कार्ड कोण भरतो, ते मी पाहिलं नव्हतं." मी दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मग ते एक तास चाळीस मिनिटांबद्दल बोलले.

दीड वर्षाने खाडीपलीकडे दोन खोल्यांची शाळा झाली. माझी नोकरी राहिली. रोज दुपारी डबा खाल्ल्यावर सर मला नकाशाच्या कोपऱ्यातली खुणांची यादी वाचायला लावत; रस्ता, विहीर, देऊळ, शाळा. आधी तमिळ, मग आपली बाळबोध. तेव्हा मला एक्केचाळिसावं लागलं होतं आणि मी फार हळू शिकलो. मी अडलो की सर थांबून राहत, खाडीवर थांबले होते तसे.