वाचणारं यंत्र

मंदाताई आठवतात त्या आधी एका शांततेसारख्या. पेणजवळच्या जोहे गावातल्या मूर्तींच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायला त्या ब्रश उचलत, तेव्हा पंख्याची घरघर, पत्र्यावरची पागोळी, शेजारच्या बायकांच्या गप्पा, सारंच जणू एक पाऊल मागे सरे. श्रावणातलं पेजेसारखं फिकट ऊन दारातून येऊन त्यांच्या मनगटापाशी थांबे. त्या श्वास रोखत आणि एका न तुटणाऱ्या रेषेतून त्या पांढऱ्या, आंधळ्या मुखावर दृष्टी उमटे. श्वास सोडताना मात्र खोकला येई, खोल आणि कोरडा, रिकाम्या रांजणातून आल्यासारखा.

"धुळीचा हाय," त्यांची धाकटी जाऊ सुनंदा म्हणे. "प्लास्टरची पावडर सगल्यांच्याच नाकात जाते. हिचंच नाक राणीसायबाचं!" सगळ्या हसत, मंदाताईही. मूर्तींच्या गावात खोकल्याला असं सोयीचं नाव मिळतं आणि त्या नावाआड क्षय निवांत बसून राहतो. निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या, तोंडावर मास्क आला. तरी ताप उतरेना, अंग भरेना. त्यांच्या गळ्याखालची खळी दर भेटीत थोडी अधिक सावली धरू लागली होती.

मी रोह्याला असतो. तळहातावर मावणारं एक यंत्र लॅपटॉपला जोडून रोगजंतूंची जनुकं वाचायची आणि कोणत्या औषधापुढे ते नमतील हे शोधायचं, हे माझं काम. जंतूचा अदृश्य धागा सूक्ष्म छिद्रांतून सरकतो आणि पडद्यावर अक्षरं झरू लागतात, अर्थ लागेपर्यंत अगदी निष्पाप दिसणारी. मंदाताईंच्या बेडक्याचा नमुना घेताना मी सांगितलं होतं, "यंत्र जंतू वाचतं. वाचून झालं की कळवतो." त्यांनी मान डोलावली. त्यांना त्यातलं काय कळलं, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. ज्या औषधावर आमची सगळी भिस्त होती, ते या जंतूला शिवतही नव्हतं. इतके महिने मंदाताई गोळ्या गिळत होत्या आणि तो आत निर्धास्त वाढत होता. तेवढ्यात सुनंदाचा फोन आला.

"दादा, वाचलं का?"

"हो, वाचलं," मी म्हणालो. पुढचं वाक्य जुळवत होतो, तोच तिकडे तिचा आवाज फुटला, "मंदे, वाचलीस गो! दादा सांगतायत, वाचलीस!"

मग टाळ्या, आणि कुणीतरी ओरडलं, "आता पेढे काढ, चिंगूस!" त्या गलक्यात मंदाताईंचं हसू मला प्रथमच मोकळं ऐकू आलं, शाळकरी मुलीसारखं, मागून खोकल्याने ओढलेलं. "उद्या येतो," एवढंच बोललो. अशी गोष्ट समोर बसून सांगावी, असं मी मनाला समजावलं. खरं तर ते हसू माझ्या शब्दाने विझेल, याची मला भीती वाटली.

सकाळी एसटीच्या खिडकीतून खांब, नागोठणं, पेण मागे पडत गेलं. दुतर्फा भाताचा हिरवा रंग इतका भरात आलेला होता, की त्या अनिर्बंध वाढीचंच मला भय वाटू लागलं. हमरापूरच्या फाट्यावर उतरून परत फिरावं, असंही मनात आलं.

कारखान्यात मंदाताई मधोमध बसल्या होत्या. मास्क खिळ्याला लटकत होता. सुनंदाची मुलगी सई त्यांच्या मांडीवर रेलून, तोंडाजवळ तोंड आणून, काकूकडून कमळ काढायला शिकत होती. कालपासून त्या घराने भीतीपासून सुट्टी घेतली होती, माझ्या एका शब्दावर.

मी सगळं सांगितलं. मंदाताईंनी सईला हलकेच मांडीवरून उतरवलं, उठून मास्क बांधला.

"म्हंजे मशीननं वाचलं, मी नाय वाचले."

"औषध बदललं की तुम्हीही वाचाल, मंदाताई."

"व्हय. पन काल सांगायला काय झालं व्हतं, दादा?"

आवाजात राग नव्हता.

नवं औषध त्यांना मानवलं. त्या माहेरी, भावाच्या वाडीतल्या वेगळ्या खोलीत राहतात. फोनवर त्यांचा खोकला आता ऐकू येत नाही. कारखान्यातली त्यांची जागा मोकळी आहे. सुनंदा आखणी करते, पण तिथे कुणी बसत नाही.

आणि आज सईचा नमुना यंत्रात आहे. काही आठवडे ती खोकते आहे. बाहेर स्वच्छ दुपार आहे आणि पडद्यावर अक्षरं झरताहेत. तिच्या छातीत क्षय आहे का, असला तर तो काकूच्याच जंतूच्या वंशातला आहे का, हे यंत्र सांगेल. तो कधी आला, धुळीच्या नावाखाली गेलेल्या बेसावध महिन्यांत की माझ्या मौनाने मोकळ्या केलेल्या त्या एका दिवसात, हे मात्र त्या अक्षरांत लिहिलेलं नसतं. वंश उरतो, दिवस उरत नाही. मला वाटतं, सरलेला दिवस नाहीसा होत नाही. आपल्याकडून निघून तो दुसऱ्या कुणाच्या तरी श्वासात राहायला जातो.